कर्ता कोण? दहावीच्या वर्गातला इडिपस

वहीतलं वाक्य माझंच होतं. ‘नियती अटळ असते, हे या नाटकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.’ खाली लाल पेनानं दोन रेघा. मी फळ्यावर लिहून दिलेलं, ३१ मुलांनी उतरवून घेतलेलं. ही वही मात्र मी स्टाफरूममध्ये बसून तपासत नव्हते. वीटभट्टीच्या कडेला उभी राहून बघत होते, आणि वहीचा मालक कोपरापर्यंत चिखलानं माखलेले हात घेऊन समोर उभा होता. पायाशी विटांचा साचा.

“तुमीच लिवून दिलंय की ओ टीचर,” तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. उलट, पाठ केलेलं बरोबर म्हणून दाखवल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तेच होतं.

खाली लिहितेय ती त्या वाक्याची आणि ते निस्तरायला मी काय काय केलं त्याची हकीकत. शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. गावाचं नाव देत नाही. घरात मराठी, बाजारात दोन्ही, बसच्या पाट्या कन्नड. आमच्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याची असते. ती संपून शाळा भरते तेव्हा भाताची सुगी तोंडावर आलेली असते आणि सुगी आटपली की वीटभट्ट्यांचं काम निघतं. दहावीच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून जे लाल फुल्यांचं पीक येतं, त्याचं कारण बहुतेकदा या दोनांतलं एक असतं.

नाटक अभ्यासक्रमात नव्हतं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास माझ्याकडे मोकळा होता आणि गॅदरिंगला यंदा रेकॉर्ड डान्स सोडून काहीतरी करायचं माझ्या डोक्यात होतं. ‘शोकांतिका म्हणजे काय’ या प्रश्नाला मुलं दरवर्षी ‘ज्या नाटकाचा शेवट दुःखात होतो ते’ असं उत्तर लिहितात आणि आम्ही दोन गुण देऊन मोकळे होतो. म्हटलं, एकदा अस्सल माल दाखवावा. ग्रीक नाटककार सोफोक्लीझचा राजा इडिपस. इसवी सनापूर्वी ४२९ च्या सुमाराचं मानतात. मराठीत ते पु. लं.नी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून आणलंय. (पु. ल. काही काळ आमच्या बेळगावात, राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. ‘रावसाहेब’ इथलेच. हे सांगितलं की मुलांपेक्षा पालकांनाच जास्त बरं वाटतं.) अख्खं नाटक ४० मिनिटांच्या तासात मावणारं नव्हतं, म्हणून मी माझ्या भाषेत १४ पानांचं वाचन तयार केलं आणि झेरॉक्स काढल्या.

पहिल्या तासाला गोष्ट सांगून टाकली, शेवटासकट. ते मुद्दाम. ग्रीक प्रेक्षकांनाही गोष्ट आधीच ठाऊक असायची, गंमत पुढं काय होतं यात नसायचीच. थीब्ज या ग्रीक शहराचा राजा लायस आणि राणी योकास्टा. डेल्फीच्या देवळातल्या अपोलो देवाची वाणी, की तुमचा मुलगा बापाला मारील. म्हणून तान्ह्या बाळाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकायला दिलं. ज्या धनगराकडे दिलं त्यानं ते दुसऱ्या धनगराला देऊन टाकलं, आणि बाळ, म्हणजे इडिपस, करिंथ या दुसऱ्या शहराच्या राजाकडे वाढलं. मोठेपणी जेवणावळीत एक दारुडा त्याला म्हणाला, ‘तू बापाचा नाहीस.’ त्या एका वाक्यानं हा डेल्फीला गेला. तिथं ऐकलं, की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. करिंथलाच आपले आईबाप आहेत या समजुतीनं त्यानं करिंथ सोडलं आणि दुसऱ्या दिशेला चालू लागला. एका तिठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याशी भांडण झालं, त्यात म्हातारा मेला. तो लायसच होता. पुढं थीब्जच्या वेशीवर स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवलं, राज्य मिळालं, विधवा राणी मिळाली. वर्षं गेली, चार मुलं झाली. मग शहरात साथ आली, आणि नाटक इथून सुरू होतं: लायसचा खुनी शोधता शोधता इडिपसला कळतं की खुनी आपणच आणि बायको आपलीच आई, आणि तो स्वतःचे डोळे फोडून घेतो.

“म्हंजे सगळं हून गेल्यावर नाटक सुरू हुतंय?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला. त्या प्रश्नाला मी तिथंच धरायला हवं होतं. नाही धरलं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘नशीब की स्वभाव?’ आणि हात वर करायला सांगितलं.

नशिबाच्या बाजूनं २४ हात. स्वभावाच्या बाजूनं ७, त्यातले ३ शेजाऱ्याचा बघून वर गेलेले.

वाद १० मिनिटांत मेला. वर्गाजवळ शब्दांचा तोटा नव्हता, उलट इतके शब्द आधीच तयार होते की वाद घालायची कुणाला गरजच वाटेना. नशीब, दैव, प्रारब्ध, योग. पाचवीला पुजलेलं. सटवीनं कपाळावर लिहिलेलं. एक जण म्हणाला, “हणेबरह, टीचर.” कन्नडमध्ये कपाळावरचं लिखाण म्हणजे हणेबरह. आमच्याकडे मराठी घरातली आजीसुद्धा कपाळाला हात लावून हाच शब्द म्हणते. दोन भाषा, एकच कपाळ. मुलांचं म्हणणं सरळ होतं: लिहिलंय ते झालं. यात बोलायचं काय?

दुसरी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. कुणीतरी म्हणालं, “कंसाचं पण असंच की.” आकाशवाणी झाली, आठवा मुलगा मारील म्हणून त्यानं मुलं मारली, तरी आठव्यानं मारलंच. वर्गानं जोरात माना हलवल्या आणि मीही हलवली. हलवायला नको होती. कंस दुष्ट. आमच्या गोष्टींत भाकीत ज्याला गाठतं तो बहुतेकदा त्या लायकीचाच असतो. शिवाय शाप दिला तर तो देणाराही समोर असतो. शाकुंतलात दुर्वास रागावला, कारण शकुंतलेनं त्याची हाक ऐकली नाही, आणि उःशापाला अंगठीही आहे. (अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांनी हे शाकुंतल १८८० मध्ये मराठी रंगभूमीवर उभं केलं. त्यामुळे शकुंतला आमच्या घरचीच.) इडिपसवर कोण रागावलं होतं? का रागावलं होतं? सोफोक्लीझ एक अक्षर सांगत नाही. हा फरक मी सांगितला नाही, म्हणून मुलांनी इडिपसला गुपचूप कंसाच्या बाकावर नेऊन बसवलं.

घंटेला ५ मिनिटं उरली होती. वाद मेलाय, निदान वहीत काहीतरी जाऊ दे, या मास्तरी घाईत मी ते वाक्य लिहून दिलं.

पुढच्या सोमवारपासून तो मुलगा येईना. वर्गात मधल्या रांगेत बसणारा, मराठी चांगलं, गणित कच्चं. गुरुवारी चौकशी केली तेव्हा कळलं की वडलांच्या भट्टीवर आहे. भट्टी छोटी, भागीदारीतली, आणि यंदा माणसं गोव्याकडे गेलेली. रविवारी मी गेले. वडलांनी खुर्ची आणवली. “बसा की ओ टीचर. च्या घेणार न्हवं?” माणूस मऊ होता, अदबीनं बोलत होता. म्हणाले, पोरानंच सांगितलं की गणित काही आपल्याला येत नाही, नशिबात असेल तेच होतंय, टीचरनी पण तसंच लिहून दिलंय. मग मुलानं दप्तरातून वही काढून दाखवली.

एका वाक्यानं मुलगा भट्टीवर गेला, असं मी म्हणत नाही. तो माणसं नव्हती म्हणून गेला, पैसे हवे होते म्हणून गेला. पण जे ठरलं होतं त्यावर शाळेचा शिक्का माझ्या हातचा होता. बापलेकांनी मिळून घेतलेला एक निर्णय ‘नशीब’ या शब्दाखाली ठेवला होता, आणि एकदा तिथं ठेवला की तो कुणाचाच राहत नाही. मी चहा प्यायले आणि परत आले. तिथं काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

घरी येऊन नाटक पुन्हा काढलं. मला एक जुना लेख आठवत होता. ऑक्सफर्डला ग्रीक शिकवलेल्या ई. आर. डॉड्स यांनी १९६६ मध्ये लिहिलेला. सुरुवातच परीक्षेच्या पेपरांपासून आहे: या नाटकावरच्या प्रश्नाला विद्यार्थ्यांनी कशी उत्तरं लिहिली. काहींच्या मते इडिपस वाईट वागला म्हणून त्याला शिक्षा मिळाली. काहींच्या मते माणूस म्हणजे दैवाच्या हातचं बाहुलं, हे नाटकाला सिद्ध करायचंय. काहींच्या मते नाटककाराला असलं काही म्हणायचंच नाही, तो फक्त कलावंत. डॉड्सना तिन्ही पटत नाहीत. वाचून हसू आलं. पहिली दोन उत्तरं माझ्या वर्गातलीच, ७ आणि २४. तिथं मुलांनी आपणहून लिहिली होती, इथं त्यातलं एक मी लिहून दिलं होतं.

डॉड्सचं एक म्हणणं मला उपयोगी पडलं. बापाला मारणं आणि आईशी लग्न हे ठरलेलं होतं, पण ते नाटकाच्या आधी घडून गेलंय. रंगमंचावर इडिपस जे जे करतो ते त्याला कुणी करायला लावलेलं नाही. शोध सुरू करतो तो. खुन्याला शाप देतो तो. अंध भविष्यवेत्ता तैरेसियस म्हणतो विचारू नकोस, योकास्टा म्हणते विचारू नकोस, शेवटी धनगर गयावया करतो, तरी विचारतो तो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हेच तर विचारलं होतं: सगळं होऊन गेल्यावर नाटक सुरू होतं का?

गाइडांत मिळणारं ‘नायकाचा स्वभावदोष’ हे उत्तरही मी त्या रात्री रद्द केलं. ऍरिस्टॉटलचा शब्द आहे हामार्तिया, आणि त्याच्या मुळाशी आहे नेम चुकणं. बाण सोडला, निशाण्याला लागला नाही. गर्व, क्रोध, अहंकार ही नंतरच्यांनी चिकटवलेली लेबलं. मुलाच्या गणिताच्या पेपरासारखं आहे ते. चुकलं म्हणजे दुष्ट असं नाही.

पण हे सगळं वर्गात सांगितलं असतं तर आणखी एक वाक्य वहीत गेलं असतं, एवढंच. वाट सापडली ती भलतीकडेच, व्याकरणात. त्या आठवड्यात प्रयोग शिकवायचे होते. कर्तरी, कर्मणि, भावे. मी नाटकातल्या घटनांची ७ वाक्यं केली, सगळी अशी की कर्ता दिसू नये:

बाळ डोंगरावर टाकलं गेलं. करिंथ सोडावं लागलं. तिठ्यावर लायस मारला गेला. खुन्याला शाप दिला गेला. धनगराकडून खरं वदवून घेतलं गेलं. डोळे फोडले गेले. आणि सर्वांत आधीचं, पण यादीत मुद्दाम शेवटी ठेवलेलं: हे असं व्हावं, असं ठरलं.

काम एकच. प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधायचा आणि पुरावा पानावर बोट ठेवून दाखवायचा. ‘नशिबानं’ हा कर्ता चालेल, पण त्यालाही बोट ठेवून दाखवावं लागेल.

वर्ग असा जागा झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. पहिल्याच वाक्यावर भांडण. बाळ टाकलं कुणी? “लायसनं,” अर्धा वर्ग म्हणाला, आणि योकास्टाचं बोलणं दाखवलं. ती सांगते, की लायसनं घोटे जखडले आणि दुसऱ्याच्या हातून बाळ डोंगरावर टाकवलं. मागून एक मुलगी उभी राहिली. ती वाचताना पुढं गेली होती. “टीचर, धनगर तर म्हणतोय, राणीनं दिलं.” खरंच आहे. शेवटी इडिपस विचारतो, तिनं तुला दिलं? आणि धनगर हो म्हणतो. योकास्टानं एवढी वर्षं जे वाक्य सांगितलं त्यात तिनं स्वतःला गाळून टाकलं होतं. मी हे नाटक कितीदा वाचलंय, पण या दोन जागा मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. गडी हुशार निघाला की मास्तराला जरा वरमल्यासारखं होतं, तसं झालं.

मागच्या बाकावरचा एक, एरवी पंक्चर काढायच्या दुकानाबद्दलच बोलणारा, म्हणाला, “टीचर, समदं नाटकच कर्मणि प्रयोगात हाय.” वर्ग हसला. मी नाही हसले, कारण त्याला ते पुरतं कळलं होतं. धनगराने गोष्ट सांगितली, राणीने बाळ दिले. कर्ता आहे, पण ‘ने’ लावून बाजूला उभा, आणि क्रियापद चालतं कर्माच्या तालावर. कर्म या शब्दाचे आमच्या भाषेत दोन अर्थ आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊकच होतं.

सहावं वाक्य, डोळ्यांचं. इथं मी मूळचं बोलणं साध्या मराठीत वाचून दाखवलं. गावकरी विचारतात, कुठल्या देवानं तुला हे करायला लावलं? इडिपस म्हणतो, अपोलोनं, मित्रांनो, हे माझे सगळे भोग अपोलोनंच आणले. पण डोळ्यांवर घाव घातला तो हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता. “मग दोघांची नावं लिवायची काय?” लिहा म्हटलं. एका क्रियापदाला दोन कर्ते, आणि त्यातला एक दुसऱ्याला सोडवत नाही. नशीब म्हणणारे २४ आणि स्वभाव म्हणणारे ७ यांच्या मध्ये जी जागा मी पहिल्या दिवशी ठेवलीच नव्हती, ती ही.

सातव्या वाक्यासमोर सगळ्यांच्या वह्या कोऱ्या. हे ठरवलं कुणी? अपोलो सांगतो, पण ठरवतो का? आणि का? पानं उलटून झाली. कुणी ‘देवानं’ लिहून खोडलं. तेव्हा मी भावकर्तरीची उदाहरणं दिली: उजाडलं. सांजावलं. गडगडलं. कुणी उजाडलं? कुणी नाही. या वाक्यांना कर्ता नसतोच, क्रियेतच सगळं आलं. नाटकातलं नियती म्हणायचं ते एवढंच, सात वाक्यांतलं हे एक. उरलेल्या सहांत माणसं आहेत, आणि त्यांना नावं आहेत.

मग तो प्रश्न आला, जो आमच्या भागात कुठल्याही तासाला येऊ शकतो. “आपला गाव कर्नाटकात गेला, त्येचा कर्ता कोण?” नोव्हेंबरचा महिना. १ तारखेला सीमाभागातली मराठी माणसं निषेधाचा काळा दिवस पाळतात, तो नुकताच होऊन गेलेला. मी शक्य तेवढं कोरडं उत्तर दिलं: तेव्हा कर्नाटक नाव नव्हतं, म्हैसूर राज्य होतं, नाव बदललं १९७३ ला. राज्यपुनर्रचनेसाठी फाजल अली आयोग १९५३ ला नेमला, अहवाल १९५५ ला आला, संसदेत कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तो लागू झाला. नंतर सीमावादावर महाजन आयोग. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात. नावं आहेत, तारखा आहेत, सह्या आहेत. कुणाला ते बरोबर वाटतं, कुणाला अन्याय वाटतो, पण सातव्या वाक्यात ते बसत नाही. एवढं बोलून मी फळा पुसला. यावर जास्त बोललं की तासाचं काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

डेल्फीचं काय करायचं, हा अडथळा आपोआप सुटला. ‘दिव्यवाणी’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचा ढग येतो. “कौल लावायला गेला,” असं म्हटल्यावर सगळे सरळ बसले. देवाला फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, उजवं फूल पडलं की काय आणि डावं पडलं की काय, हे सगळं त्यांनी बघितलंय. गुरवाची मुलगी वर्गात आहे. ती तज्ज्ञ म्हणून बोलली: “प्रश्न नीट विचारायला लागतंय. आनि कौल कळला न्हाई तर परत लावतात.” मग तिनंच कागद चाळून विचारलं, की ह्यानं विचारलं होतं माझे आईबाप कोण, आणि उत्तर आलं भलत्याच प्रश्नाचं. परत का नाही विचारलं?

इडिपस स्वतःच सांगतो की ज्यासाठी गेलो त्याचं उत्तर न देताच देवानं मला परत पाठवलं. आईबाप कोण, हा प्रश्न तसाच राहिला, आणि तो तसाच असताना करिंथवाले आपले आईबाप असं धरून हा चालू लागला. मुलीच्या हिशेबानं चूक इथं आहे. खून नंतरचा. माझ्या मते सोफोक्लीझला हा हिशेब पसंत पडला असता, पण मी ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही वहीत गेलं असतं.

आता धनगर. मी आधी त्याला दुय्यम पात्र समजून ४ ओळींत उरकला होता. दुसऱ्यांदा वाचताना बघितलं तर सगळं नाटक त्याच्या अंगावरून गेलंय. बाळ घेतलं त्यानं. तिठ्यावर लायसबरोबर होता आणि जिवंत सुटला तोही हाच. दरोडेखोर पुष्कळ होते, अशी थाप त्यानंच मारली. परत आला तर गादीवर तोच माणूस बसलेला, तेव्हा राणीचा हात धरून म्हणाला, मला शहरापासून लांब, रानात पाठवा. त्याला नाव नाही. सगळं ठाऊक असलेला आणि तोंड शिवून बसलेला माणूस. आणि किथैरॉन डोंगरावर तो आणि करिंथचा धनगर लागोपाठ तीन उन्हाळे सहा-सहा महिने शेजारी मेंढरं चारत होते. एक थीब्जचा, एक करिंथचा, डोंगर एकच. हे सांगितल्यावर वर्गाला काही समजावावं लागलं नाही. आमच्या वरच्या रानातले आणि चंदगडकडचे धनगर अजून हेच करतात. राज्य कुठलं ते मेंढराला ठाऊक नसतं.

ती पानं घेऊन मी पुन्हा भट्टीवर गेले. शाळेबद्दल एक शब्द बोलले नाही. मुलाला म्हटलं, गॅदरिंगला धनगर वाचणारा पाहिजे, ओळी थोड्या आहेत, पण शेवटचा आवाज त्याचा आहे. वडलांना म्हटलं, शनिवार सकाळ आणि आठवड्यातले आणखी दोन दिवस. भट्टी लावायच्या दिवसांत नको, ते मला कळतं. वडील मुलाकडं बघत होते, मुलगा पानाकडं. “बघूया,” म्हणाले. आमच्याकडे ‘बघूया’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. त्या शनिवारी तो आला, विटांच्या ट्रॅक्टरवरून, १० मिनिटं उशिरा.

तालमीत त्यानं माझं एक वाक्य बदललं. मी लिहिलं होतं, ‘मला दया आली, धनी.’ तो म्हणाला, “कीव आली ओ. म्हटलं, ह्यो लांब घिऊन जाईल.” दया ही देवळातली, कीव रानातली. बदल राहू दिला.

मग पानावरून मान वर न करता तो म्हणाला, “ह्येला हुकूम हुता मारायचा. ह्यानं मोडला. ह्यो एकटाच सांगितलेलं ऐकला न्हाई.”

“आनि त्येनं मोडला म्हनूनच पुढचं समदं झालं,” गुरवाची मुलगी म्हणाली.

“मग काय, मारायला पायजे हुतं?”

कुणी बोललं नाही. साडेबाराची बस चुकली तर पुढची दीडला, त्यामुळे एरवी सव्वाबारापासून दप्तरं वाजू लागतात. त्या दिवशी वाजली नाहीत. मीही काही बोलले नाही. सात वाक्यांच्या यादीत ‘बाळ वाचवलं गेलं’ हे आठवं वाक्य मी घालायला विसरले होते, हे मला तेव्हा कळलं.

नोंदीपुरतं: पुन्हा हात वर करायला सांगितले नाहीत, त्यामुळे किती जणांचं मत बदललं याचा आकडा माझ्याकडे नाही. हणेबरह म्हणणारा अजून हणेबरहच म्हणतो. मुलगा आठवड्याला तीन दिवस येत राहिला. मार्चमध्ये परीक्षेला बसला, गणित राहिलं, पुरवणीचा फॉर्म भरलाय. मुलं अजून विचारतात, “टीचर, परीक्षेला काय लिवायचं?” मी ७ वाक्यं देते, आता ८, आणि समोर मोकळी जागा. यावर पालकसभेत एकदा तक्रारही झाली, की टीचर नोट्स देत नाहीत.

गॅदरिंगला वाचन चांगलं झालं, म्हणजे माईक दोनदाच बंद पडला. मुलाचे वडील अंगावरचे भट्टीचे कपडे बदलून आले होते, मागं उभे राहिले, बसले नाहीत. संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि मग माझ्याकडं आले.

“टीचर, त्या धनगराचं पुढं काय झालं ओ?”

नाटकात ते सांगितलेलं नाही, मी म्हटलं. राजाला सगळं कळतं, तिथून पुढं धनगर दिसतच नाही.

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे गेला असंल परत मेंढराकडं,” म्हणाले, आणि मुलाला हाक मारून ट्रॅक्टरकडं निघाले.